सॅलीची खालची बाजू

१८ जानेवारी, सकाळी अकरा. रक्कम ठरली तेवीस हजार रुपये, पैकी दहा हजार आगाऊ. हजर तिघं: मी, आमचे जनार्दन मिस्त्री आणि गिऱ्हाईक रियाझ, राहणार पनवेल, नोकरी दोहा. ठिकाण कोन गावातला आमचा गाळा. माल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाचं एक लाकडी मॉडेल, टेबलावर ठेवायच्या स्टँडसह. मुदत २० फेब्रुवारी, कारण २२ तारखेला रियाझची रजा संपत होती.

हे सगळं मी आठवणीतून लिहीत नाही. आमच्याकडे प्रत्येक नगाचं एक कार्ड असतं आणि हे कार्ड नंबर २१३ आहे. चौदा वर्षं तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी कॉस्टिंग पाहिलं. कुठल्या डब्याला किती रुपये आणि किती मिनिटं लागली हे लिहून ठेवायची सवय तिथली. कारखाना बंद झाल्यावर नुकसानभरपाईचे पैसे घरखर्चाला किती महिने पुरतील याचा तक्ता केला, तो एकोणीस महिन्यांवर संपला. लहानपणापासून पुठ्ठ्याची विमानं करायचा नाद होता. बायको, शुभांगी, म्हणाली की तक्ता संपायच्या आत त्या नादाचं काहीतरी कर. त्याला आता अकरा वर्षं झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं आम्ही खेळणी करतो. आम्ही जी मॉडेलं करतो ती कोणी खेळायला घेत नाही. विमानाचे छापील आराखडे मिळवायचे, एक प्रमाण ठरवायचं, म्हणजे खऱ्या विमानाचा कितवा भाग, आणि त्या मापाचे पुठ्ठ्याचे फर्मे कापायचे. हे माझं काम. शिवणीच्या लाकडातून धड आणि पंख घडवायचे हे मिस्त्रींचं. शिवण सागापेक्षा हलकी, रंधा मऊ चालतो आणि पावसाळ्यात फारशी फुगत नाही. मग लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, भरायची, घासायचं, प्रायमर, परत घासायचं, रंग. रंग मी मारतो. पॅकिंग आणि गिऱ्हाइकांचे फोन शुभांगीकडे. एका नगाला सरासरी एकशे दहा तास लागतात. त्यातले चाळीस नुसते घासण्यात जातात, आणि ते कोणालाच दिसत नाहीत.

मिस्त्री गव्हाणचे. त्यांच्या तीन पिढ्या खाडीत चालणाऱ्या होड्या बांधत होत्या. फायबरच्या होड्या आल्यावर त्यांच्या हातचं काम गेलं. पहिल्यांदा मी त्यांना लँकेस्टर नावाच्या इंग्रजी बॉम्बरचा आराखडा दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटा धरला आणि म्हणाले, "ही तर होडीच हाय. पंख कशाला लावलेत?"

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ शेपटाची उंची दोऱ्याने मोजून पाहतात आणि एक मिलिमीटर जास्त भरली की फोन करतात. त्यांचं बरोबर असतं, म्हणून मी फोन उचलतो. खारघरच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना सोफ्याशी रंग जुळणारं बॉम्बर हवं होतं. मी जमणार नाही म्हणालो, त्यांनी सोफा बदलला. एका बिल्डरच्या ऑफिसला मोठं बॉम्बर हवं होतं, पण वास्तूवाल्याने सांगितल्यामुळे आत बॉम्ब नकोत. आमच्या मॉडेलच्या आत काहीच नसतं, भरीव लाकूड असतं. तसं मी लिहून दिलं, सहीशिक्क्यानिशी. ते पत्र त्यांनी फाइलला लावलं.

लोक विचारतात, माणसं मारणारी विमानं शोकेसमध्ये ठेवायला कशाला करता? मी सांगायचो की मी आकार करतो, वापर करत नाही. हे उत्तर मला पुरत होतं. २१३ नंबरनंतर मी ते देत नाही.

रियाझ आला तो मोबाइलवर एक फोटो घेऊन. वय एकोणतीस, दोह्याला एका गोदामात सुपरवायझर, बोलायला मोकळा. फोटोत चार इंजिनांचं अमेरिकन लिबरेटर होतं आणि खाली लिहिलं होतं, रंगूनवर बॉम्ब टाकणारं विमान. "हेच बनवा सर. दादीसाठी आहे. दादी रंगूनला जन्मली."

मी विचारलं, दादी रंगूनहून इकडे कधी आल्या? तो म्हणाला, बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्या महिन्यात, जहाजाने. म्हणजे बेचाळीसच्या सुरुवातीला. मग लिबरेटर नव्हे, मी म्हणालो. लिबरेटर रंगूनवर गेली ती नंतर, जपान्यांना हुसकायला. तुमच्या दादी तिथे असताना बॉम्ब टाकले ते जपान्यांनी, एकेचाळीसच्या डिसेंबरात. त्यात दोन इंजिनांचं जड बॉम्बर होतं. पुढे इंग्रज-अमेरिकनांनी ओळखायला सोपं म्हणून त्याचं नाव सॅली ठेवलं.

रियाझने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत देतो.

दादीचे वडील रंगूनच्या नदीत चालणाऱ्या एका लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारे, होते. दादी सात वर्षांची, तिचा भाऊ इस्माईल अकराचा. बॉम्ब पडले त्या सकाळी दोघं रस्त्यावर होते. त्याच्या दोन दिवस आधी इंग्रजांची विमानं शहरावरून गेली होती आणि मुलांनी त्यांना हात केले होते. त्या दिवशी पुन्हा आवाज आला. इस्माईलने वर बघितलं आणि विचारलं, कोणाची गं? दादी म्हणाली, आपलीच आहेत. म्हणून तो पळाला नाही, मोजत उभा राहिला. दादीला आईने हाक मारली म्हणून ती घरात गेली. इस्माईल परत आला नाही.

"ऐंशी वर्षं झाली सर. सगळ्या घराला पाठ आहे ती गोष्ट. आधी अशीच सांगायची. आता दोन वर्षांपासून रोज विचारते, खालून बघून कळलं असतं का? अब्बांना विचारते, मला फोनवर विचारते. आम्ही सगळे म्हणतो, नाही कळलं असतं. ती म्हणते, तुम्ही माझेच आहात, तुम्ही तसंच बोलणार. मला वाटलं विमानच समोर ठेवू. बघून घेऊ दे स्वतः."

मी लिबरेटर खोडून सॅली लिहिलं. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी साडेबावीस मीटर. प्रमाण छत्तिसावा भाग, म्हणजे मॉडेल साडेबासष्ट सेंटिमीटर. कार्डावर सगळे रकाने भरले आणि सही घेतली.

माझी चूक इथेच झाली. आमच्या कार्डावर एक छापील ओळ आहे: 'खालची बाजू: एक हात, चिन्हं नाहीत.' ती मीच छापून घेतली आहे. शोकेसमधल्या विमानाचं पोट कोणी बघत नाही. तिथे बारीक रेषा कोरायच्या, देशाच्या खुणेचे गोल रंगवायचे, यात नऊ तास जातात. म्हणून आम्ही पोटाला फिकट करड्या रंगाचा एक हात मारतो, मधोमध स्टँडच्या सळईसाठी भोक पाडतो आणि भोकाशेजारी आमचं स्टिकर लावतो. दोनशे बारा नग असे गेले. त्या पुण्याच्या गृहस्थांनीही कधी तक्रार केली नाही. रियाझच्या तोंडून 'खालून' हा शब्द मी नीट ऐकला होता. पण कार्डावर त्याला रकाना नव्हता, आणि जे कार्डावर नाही ते आमच्याकडे होत नाही.

९ फेब्रुवारीला मॉडेल तयार झालं. उत्तम झालं होतं, हे मी सांगायला हरकत नाही. वरचा गडद हिरवा रंग मी तीन वेळा मिसळून मिळवला होता. पुढची काच गरम करून एका अखंड तुकड्यातून ओढली होती. मी स्वतः घेऊन गेलो, पनवेलच्या जुन्या गावातल्या मोहल्ल्यात. घरात रियाझ, त्याची आई आणि दादी. रियाझची आई सुपात तांदूळ निवडत होती. दादी खिडकीजवळच्या खुर्चीत. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा, हातात तसबी, म्हणजे जपाची माळ.

खोक्यातून काढून मी विमान टेबलावर ठेवलं. रियाझने लगेच फोटो काढले. त्याची आई सूप ठेवून उठून आली. दादी मात्र खुर्चीतून पुढे वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

"ह्या कुठला विमान?"

"तेच दादी," रियाझ म्हणाला. "त्या दिवसाचं."

"ह्या तर तुमी वरून दाखवताय. आमी वरून कवा बघितलां? आमी खाली होतो."

रियाझने विमान उचललं आणि त्यांच्यासमोर उलटं धरलं. पोटाला सपाट करडा रंग. मधोमध सळई. सळईशेजारी आमचं स्टिकर, त्यावर नग क्रमांक, फोन नंबर आणि 'ओल्या कापडाने पुसू नये'. रियाझने ते मोठ्याने वाचलं, का ते मला माहीत नाही.

"ह्याच्या पोटात लोखंड हाय," दादी म्हणाल्या.

मी सांगितलं की चूक माझी आहे, मी हे परत नेतो, पोट नीट करून देतो, आणि खाली सळईऐवजी वर कडी लावतो, म्हणजे छताला टांगता येईल. दादींनी छताकडे बघितलं. छत नऊ फुटांवर असेल.

"इतका मोठा नवता दिसत," त्या म्हणाल्या. मग सुनेच्या सुपात हात घालून त्यांनी तांदळाचा दाणा शोधला, तो टाकला, दुसरा घेतला, तोही टाकला, आणि शेवटी एक तुटकी कणी चिमटीत धरून हात सरळ लांब केला. "ह्या एवढा. इस्माईलनी असाच हात लांब करून बोट लावलेला. मीपन लावलेला."

मी खिशातून बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर काढलं. ते माझ्या खिशात कायम असतं, शुभांगी त्याला माझं मंगळसूत्र म्हणते. कणी मागून घेतली आणि मोजली. अडीच मिलिमीटर. दादींनी विचारलं, हा काय करतोय? रियाझ म्हणाला, हिशोबाचा माणूस आहे, करू दे.

घरी येऊन मी आमच्या सोसायटीतल्या दुसरीतल्या एका मुलीचा, तिच्या आईला विचारून, डोळ्यापासून लांब केलेल्या बोटापर्यंतचा हात मोजला. पंचेचाळीस सेंटिमीटर. अडीच मिलिमीटरची कणी पंचेचाळीस सेंटिमीटरवर धरली की ती आपल्या मापाच्या एकशेऐंशी पट दूर असते. एखादी वस्तू तेवढीच दिसायची तर तीही आपल्या मापाच्या एकशेऐंशी पट दूर हवी. खरं विमान साडेबावीस मीटरचं, म्हणजे ते चार हजार पन्नास मीटर, सुमारे तेरा हजार फूट वर होतं. त्या दिवसाची नेमकी उंची मला पुस्तकांत सापडली नव्हती. ती दादींच्या कणीने दिली. आणि आमचं मॉडेल साडेबासष्ट सेंटिमीटरचं. त्याची एकशेऐंशी पट एकशे साडेबारा मीटर, म्हणजे तीनशे सत्तर फूट. आमचं सॅली तीनशे सत्तर फुटांवरून खालून बघितलं, तर दादींनी जे बघितलं तेच दिसेल. एरवी प्रमाण हे आम्हाला लहान करण्यासाठी लागतं. ते असं उलटं वापरता येतं हे मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी विमान उलटं केलं, भोकावर अंगठा फिरवला.

"मी तुमाला पयल्यापासून सांगतंय, प्रधानसायेब. होडीचा आदी तळ बघतान. वरती काय, नारल फोडाया नि फोटू काढाया."

भोकात त्यांनी शिवणीचीच खुंटी ठोकली, कड दिसेनाशी होईपर्यंत घासली. बॉम्ब सोडायच्या दारांच्या रेषा, इंजिनांची खालची बाजू, शेपटाखालचं चाक, सगळं आराखड्यावरून कोरलं. नऊ तासांचं काम मी धरलं होतं, चौदा तास लागले. हे चौदा तास मी कार्डावर लिहिले, पण बिलात धरले नाहीत.

पंखांच्या खालचे गोल मात्र मी रंगवले नाहीत. जपानी विमानाच्या पंखाखाली लाल गोल असायचा. इंग्रजांच्या विमानावर निळ्या कड्याच्या आत पांढरं आणि मध्ये लाल. दोन इंजिनांची बॉम्बर इंग्रजांकडेही होती, त्यामुळे लहान मुलीला नुसत्या आकारावरून काय कळणार, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. राहिला गोल. तो दिसत होता की नाही? मी दोन इंचांच्या कागदी चकत्या केल्या, दोन लाल, दोन इंग्रजी, मागे चिकटपट्टी. विमान तीनशे सत्तर फुटांवर टांगायचं, चकत्या बदलत राहायच्या आणि बघणाऱ्याने ओळखायचं. वीस वेळा. नुसत्या अंदाजाने बोललं तर वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर येतील. खरंच ओळखता येत असेल तर सोळा-सतराच्या वर जातील.

रियाझला हे फोनवर सांगितलं. त्याला आधी आवडलं. मग संध्याकाळी त्याचा परत फोन आला.

"सर, आणि सतरा आले तर?"

मी म्हणालो, तर सतरा आले.

"तिला काय सांगणार आपण?"

"सतरा."

मग तो म्हणाला की राहू द्या हे, आपण नुसतं छताला टांगू, तिला सांगू, बघ काही दिसत नाही. मी त्याला नाही म्हणालो नाही. त्याची दादी, त्याचे पैसे. पण मी एवढंच विचारलं की हे दादींना सांगितलंस का? नव्हतं सांगितलं. मी म्हणालो, प्रश्न त्यांचा आहे, त्यांना विचार.

दादींनी काय सांगितलं ते त्याने मला नंतर तसंच्या तसं ऐकवलं. "ऐंशी वरसां मी सतराच धरून बसलेय. नवा काय होनार हाय?"

१७ फेब्रुवारी. आमच्या गाळ्यामागे एक मोकळं शेत आहे, नुसतं गवत. गाळ्याच्या गच्चीवर वीस फुटी बांबू बांधला, टोकाला विमान, पोट शेताकडे येईल असं तिरकं. मी पन्नास फुटी टेपने अंतर मोजून खुंटी ठोकली, उलटं मोजत परत आलो, चार इंचांचा फरक आला, तो सोडून दिला. दादी म्हणाल्या होत्या की सकाळ होती आणि विमानं काळी दिसत होती. म्हणून मी खुर्चीची जागा अशी धरली की दहाच्या उन्हात विमानाचं पोट सावलीत येईल आणि मागे आभाळ असेल.

रियाझ गाडीतून दादींना घेऊन आला. प्लॅस्टिकची खुर्ची, पायाखाली गोणपाट. दादींनी चष्मा पुसून वर बघितलं, हात लांब केला आणि बोट लावलं.

"हां," त्या म्हणाल्या. "ह्या एवढाच."

मला बरं वाटलं. एवढं बरं मला पुण्याच्या गृहस्थांचा फोन न आल्यावरसुद्धा वाटत नाही.

पण त्यांना त्या कणीपलीकडे काही दिसत नव्हतं. "माझे डोले गेले. रियाझ बघेल. पन तो माझा नातू हाय, तो माझ्याच बाजूनी बोलनार."

याची व्यवस्था मी केली होती. मिस्त्री गच्चीवर नाणं उडवतील, छापा तर लाल, काटा तर इंग्रजी. माणसाने मनाने ठरवलं तर तो नकळत पाळी लावतो, म्हणून नाणं. मग ते बांबू खाली घेऊन चकत्या लावतील, परत उभा करतील आणि कुठल्या लावल्या ते फोनवर फक्त दादींच्या कानात सांगतील. रियाझ विमानाकडे बघून मोठ्याने सांगेल, जपानी की इंग्रज. खरं काय आहे ते त्याला कळणार नाही, त्यामुळे त्याला कोणाच्याच बाजूने बोलता येणार नाही. मलाही कळणार नाही. बरोबर आलं तर दादी तसबीचा एक मणी सरकवतील. मी वहीत रियाझची उत्तरं लिहीन आणि मिस्त्री गच्चीवर त्यांची यादी ठेवतील, म्हणजे शेवटी ताळा करता येईल.

दादींनी हे दोन वेळा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे खरा ह्या मिस्त्रीला ठाव, नि मला."

सुरुवात झाली तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. बांबू खाली जायचा, वर यायचा. फोन दादींच्या कानाशी. रियाझ डोळ्यांवर हात धरून उभा. पहिल्या वेळेला तो पटकन म्हणाला, जपानी. दादींचा हात हलला नाही. दुसऱ्या वेळेला त्याने वेळ घेतला. इंग्रज. मणी सरकला. तिसऱ्या वेळेला परत सरकला, चौथ्या वेळेला परत. सहाव्याला चार मणी झाले होते आणि रियाझ त्यांच्या हाताकडे बघायला लागला. मी त्याला विमानाकडे बघायला सांगितलं, जरा तोडूनच. मीही वर बघत होतो. पंखावर काहीतरी डाग आहे असं कधी वाटायचं, कधी नाही. लाल की निळा हे मला एकदाही सांगता आलं नसतं. पण मी चोपन्न वर्षांचा, चष्म्याचा. रियाझचे डोळे चांगले होते, म्हणून तर तो उभा होता.

बाराव्या वेळेला तो म्हणाला, "दादी, मी नुसता फेकतोय गं."

"फेक," दादी म्हणाल्या. "तोंड बंद नको ठेवूस."

पावणेअकराला विसावं झालं. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि बांबू खाली घेतला. दादी तसबी बोटांवरून मागे घेत मोजू लागल्या. मोजून झाल्यावर परत मोजलं. रियाझ त्यांच्यासमोर गवतात बसला होता.

"नव," त्या म्हणाल्या.

मिस्त्री यादी घेऊन खाली आले. मी त्यांची यादी आणि माझी वही शेजारी धरून ओळीने खुणा केल्या. वीसपैकी नऊ बरोबर, अकरा चूक. ताळा जुळला.

"नऊच आहेत," मी म्हणालो.

"अर्धेपन नाय."

"अर्धेही नाहीत."

"म्हंजे काय, ते सांग. तू हिशोबाचा हायस."

मी सांगितलं, म्हणजे इथून कळत नाही. वर न बघता बोललं असतं तरी एवढेच बरोबर आले असते. आणि मला जे माहीत नव्हतं तेही सांगितलं, की हे एका माणसाने, एका सकाळी, एका मॉडेलवर केलेलं आहे, सात वर्षांच्या मुलीचे डोळे माझ्याकडे नाहीत. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मीपन नुसता फेकलेला."

रियाझने त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडावरून फिरवला. "इस्माईलनी मला विचारलां, आनि मी फेकला. तो तरी कोनाला विचारनार होता? रस्त्यात मीच होते."

मिस्त्री विमान घेऊन आले होते. त्यांनी ते दादींच्या मांडीवर ठेवलं, पोट वर करून, तान्हं मूल देतात तसं. शेवटची चकती लाल होती. दादींनी नखाने तिची कड उचलली आणि दोन्ही पंखांवरच्या चकत्या काढून मला दिल्या.

मी म्हणालो, आता तिथे लाल गोल कायमचे रंगवून देतो, उद्या संध्याकाळपर्यंत वाळतील. जपानी सॅलीला ते हवेतच, प्रत्येक आराखड्यात आहेत.

"दिसत नवता तर कशाला लावतोस?"

एक मिलिमीटरसाठी आम्ही पंख दुसऱ्यांदा कापलेले आहेत. वर लाल गोल आणि खाली कोरे पंख असं सॅली जगात कुठे नसेल. तरी कार्ड नंबर २१३ वर मी 'खालची बाजू: दोन हात, कोरीव, चिन्हं नाहीत' असं हाताने लिहिलं आणि पुढे 'गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे' असा शेरा मारला. ती छापील ओळ आता नव्या कार्डांवरून काढून टाकली आहे. त्यामुळे प्रत्येक नग नऊ तासांनी महागला, आणि दोन गिऱ्हाइकं गेली.

व्यवहार तिथेच गवतात पुरा झाला. ठरलेले तेवीस हजार, वजा स्टँडचे चौदाशे, कारण स्टँड दिला नाही. वजा आगाऊ दहा हजार. बाकी अकरा हजार सहाशे रियाझने मला मोबाइलवरून पाठवले. मी पावती दिली. तो आणखी द्यायला बघत होता, ते मी घेतले नाहीत. कोरायचे चौदा तास माझ्या चुकीचे होते.

दादी गाडीकडे जायला उठल्या तेव्हा त्यांनी सुनेने दिलेली छोटी पिशवी उघडायला रियाझला सांगितलं आणि आतून घडी घातलेली एक नोट काढली. मला वाटलं माझ्यासाठी आहे, म्हणून मी हात मागे घेतला. त्या माझ्यापुढून गेल्या.

"वीस वेळा माझ्या कानात खरा बोलला," त्या म्हणाल्या. "एवढा कोनी बोललेला नाय."

पाचशे रुपये, रोख, जनार्दन मिस्त्री यांना.